नदी चढणारी नाव

राहात्याहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें आहे. त्यांत दोन प्रश्न आहेत. पहिला असा: त्यांचा पुतण्या इंग्लंडांत नोकरीस असून त्यानें तेथील कालव्यांवर चालणारी एक अरुंद, लांबट नाव मित्रांच्या भागीदारींत घेतली आहे. ती फ्रान्समध्यें नेऊन भूमध्यसमुद्राच्या बाजूनें रोन नदींत शिरावें आणि प्रवाहाविरुद्ध लिआँ शहरापर्यंत वर जावें, असा त्याचा मानस आहे. घरांतील वडील मंडळींनीं याला संमति द्यावी कीं न द्यावी? दुसरा प्रश्न त्यांचा स्वतःचा आहे. २०१६ च्या कायद्यानें भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरी राष्ट्रीय जलमार्गांत समाविष्ट झाली, असें त्यांनीं वाचलें. त्यांची जमीन पुणतांब्यापासून फार दूर नाहीं. तेव्हां आपल्या गंगेंतूनहि अशा नावा कधीं काळीं वर येतील काय, आणि आल्याच तर पाटाच्या पाण्याचें काय होईल? (गोदाकांठच्या माणसाला गोदावरी म्हणजे गंगाच, हें परगांवच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें.)

पहिला प्रश्न हौसेचा व दुसरा पोटाचा आहे. परंतु दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें, म्हणून दोन्ही एकत्र घेतों.

आधीं नावेविषयीं. इंग्लंडांत जिला नॅरोबोट म्हणतात ती खरोखरीच अरुंद असते. रुंदी अवघी सात फूट, लांबी मात्र सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत. जुन्या वाड्यांतला एखादा लांबलचक बोळ पाण्यावर तरंगत निघाला आहे अशी कल्पना केली म्हणजे तिचें स्वरूप डोळ्यांपुढें येईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स ब्रिंडली व त्याच्या बरोबरीच्या इंजिनियरांनीं इंग्लंडच्या मध्यभागांत कालवे खोदले, तेव्हां कालव्यांवरील दरवाजे त्यांनीं सात फुटांहून किंचित्‌च रुंद ठेविले. पाणी आणि पैसा या दोहोंची त्यांत बचत होती. दरवाजा अरुंद म्हणून नाव अरुंद. पुढें अडीचशें वर्षें तेंच माप चालत आलें.

या नावांवर एके काळीं कोळसा आणि चिनी मातीचीं भांडीं वाहून नेणारीं कुटुंबें राहात असत. मालाला सगळी नाव, आणि माणसांना मागील टोंकाची सुमारें दहा फुटांची खोली. तिच्यांतच शेगडी, तिच्यांतच निजण्याची फळी, तिच्यांतच मुलेंबाळें. एकत्र कुटुंबांत जागेची ओरड करणाऱ्या आमच्या वाचकांनीं ही खोली एकदां मनांत मापून पाहावी. नाव ओढण्यास एक घोडा पुरे. तो कांठावरील वाटेनें दोर ओढीत चाले. आतां ती मालवाहतूक जवळ जवळ संपली आहे. तीच नाव लोक घर म्हणून किंवा सहलीसाठीं वापरतात, आणि घोड्याच्या जागीं डिझेलचें लहानसें यंत्र आलें आहे.

एका घोड्यानें टनावारी माल ओढला जाई याचें कारण घोड्याचा जोर नव्हे. कालव्यांतील पाणी जवळ जवळ उभें असतें, हें त्याचें कारण. ही नाव उभ्या पाण्यासाठीं जन्मली आहे. पुतण्याच्या बेतांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट काय ती हीच, कारण रोन हें उभें पाणी नव्हे.

स्वित्झर्लंडांतील एका हिमनदींतून ही नदी निघते, जिनीव्हाच्या सरोवरांतून जाते, लिआँ येथें तिला सोन नदी मिळते, आणि तेथून ती दक्षिणेस वळून समुद्रास जाते. तिची एकंदर लांबी सुमारें ८१२ किलोमीटर. पैकीं लिआँपासून समुद्रापर्यंतचें अंतर सुमारें ३१० किलोमीटर. एवढ्या अंतरांत ती सुमारें १६० मीटर खालीं उतरते. एवढ्या मोठ्या नदीला हा उतार पुष्कळच झाला. शिवाय तिच्या खोऱ्यांतून उत्तरेकडून जो वारा वाहतो, ज्याला तेथें मिस्त्राल म्हणतात, तोहि वर जाणाऱ्याच्या तोंडावरच येतो. म्हणजे पाणीहि समोरून आणि वाराहि समोरून.

पूर्वीं हें संकट लोक कसें निभावीत तें ऐकण्यासारखें आहे. खालीं जातांना नावा प्रवाहावर सोडून दिल्या कीं थोडक्या दिवसांत लिआँहून समुद्राजवळ पोहोंचत. त्याच नावा परत नेण्यास मात्र महिना महिना लागे. पांच-सहा नावा एकामागून एक बांधावयाच्या आणि कांठावरून कित्येक डझन घोड्यांनीं त्या ओढावयाच्या. मीठ याच मार्गानें वर जाई, आणि बोकेर गांवच्या जुलै महिन्यांतील मोठ्या जत्रेचा मालहि. जेथें कांठ तुटलेला असेल किंवा समोरून उपनदी येत असेल, तेथें सगळे घोडे नावेंत चढवून पैलतीरीं न्यावयाचे आणि पुन्हां जुंपावयाचे. आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशीं जादा बैल जोडीत, त्याची ज्यांनीं गोष्ट ऐकली असेल त्यांना हें चटकन् समजेल. फरक इतकाच, कीं हा घाट तीनशें किलोमीटरांचा होता.

१८३० च्या सुमारास वाफेच्या बोटी या नदीवर चालूं लागल्या. प्रवाहाचा जोर असा, कीं वाफहि कांहीं ठिकाणीं अपुरी पडे. म्हणून कांहीं बोटींच्या पोटांत एक प्रचंड दातेरी चाक बसवीत. तें नदीच्या तळांत दांत रोवून बोट पुढें ढकली. नदीवरून चालणारी, पण तळाला पाय टेकणारी अशी ही बोट! पुढें १८५५ च्या सुमारास कांठानें आगगाडी आली आणि बोटींचे बरे दिवस संपले. फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीनें, ज्याचें आडनांव योगायोगानें त्या वाऱ्याचेंच आहे आणि ज्याला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, या घोडेवाल्या नावाड्यांच्या अखेरच्या दिवसांवर १८९७ सालीं आपल्या प्रोव्हाँसाल भाषेंत एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें. धंदा बुडाला म्हणजे काव्य जन्मतें, असा क्रम आमच्याहि देशांत दिसतो.

मग आज एक साधी अरुंद नाव, लहानशा यंत्राच्या जोरावर, ही नदी चढते ती कशी? यंत्र सुधारलें म्हणून नव्हे. नदीच बदलली म्हणून.

१९३३ सालीं रोन नदीसाठीं एक राष्ट्रीय कंपनी स्थापन झाली. तिच्याकडे तीन कामें एकत्र सोंपविलीं: वीज करणें, नावांना मार्ग करून देणें आणि शेतीला पाणी पुरविणें. लिआँच्या वरच्या बाजूचें जेनिसिआचें मोठें धरण १९४८ सालीं चालू झालें. लिआँच्या खालचें दाँझेर-माँद्रागाँचें काम १९५२ सालीं. आणि लिआँ ते समुद्र ही सारी मालिका १९८० सालीं पुरी झाली. आतां या ३१० किलोमीटरांत नदी उतारानें धांवत नाहीं, जिन्यानें उतरते. बारा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर बांध, बांधामागें सांचलेलें मंद पाणी, बाजूला विजेचें घर, आणि त्याच्या शेजारीं नावेला वर घेण्याची पाण्याची कोठी. या कोठीला लॉक म्हणतात.

मुलांना लॉक समजावून द्यावयाचें असेल तर अंगणांतील हौद घ्यावा. एक लांबट हौद. त्याच्या दोन्ही टोंकांना दरवाजे. एका दरवाज्याबाहेर नदीचें खालचें पाणी, दुसऱ्या बाहेर वरचें. नाव खालच्या दरवाज्यानें आंत येते, दरवाजा लागतो. मग वरचें पाणी झडपांतून हळूहळू हौदांत सोडतात. हौद भरतो, तशी नाव आपोआप वर उचलली जाते. हौदांतील पाणी वरच्या पाण्याच्या पातळीला आलें कीं वरचा दरवाजा उघडतो आणि नाव निघून जाते. कोणी ढकलीत नाहीं, कोणी ओढीत नाहीं. सारें काम पाण्याच्या वजनानें होतें. रोनवरील हे हौद १९५ मीटर लांब व १२ मीटर रुंद आहेत. त्यांतील बोलेन येथील लॉक नावेला सुमारें २३ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीइतकी, उचलतें. नाव खालीं असतांना तिच्या दोन्ही बाजूंस ओल्या काँक्रीटच्या भिंती उभ्या असतात आणि वर आकाशाची एक पट्टी दिसते; गांवच्या बारवेच्या तळाशीं उभें राहून वर पाहिलेल्यांस तो देखावा नवा वाटणार नाहीं. नाव बांधण्याचे खुंटेहि भिंतीत बसविलेले, पण पाण्याबरोबर वर सरकणारे असतात. नाहींतर दोर दर मिनिटास सोडून बांधावा लागला असता.

आतां पुतण्याचा हिशेब. धरून चालूं, कीं त्याची नाव उभ्या पाण्यांत ताशीं ९ किलोमीटर चालते आणि प्रवाहाचा वेग ताशीं ४ किलोमीटर आहे. तर वर जातांना तिची खरी चाल ५, खालीं येतांना १३. ३१० किलोमीटर चढण्यास ६२ तास, उतरण्यास २४. तेल तासावर जळतें, अंतरावर नव्हे. म्हणून चढण्याचा खर्च अडीचपट. प्रवाह ४ चा ७ झाला तर चाल २ वर येते आणि तास १५५ होतात. ९ झाला तर यंत्र दिवसभर धडधडतें आणि नाव कांठावरच्या त्याच झाडापाशीं उभी राहते. पुरांत रोन याहूनहि जोरांत वाहूं शकते. तेव्हां सगळा प्रश्न पाणी कोणत्या दिवसांत किती आहे, एवढ्यावर येऊन ठेपतो. बांधामागच्या मंद पाण्यांत नाव सुखानें चालते. खरी कसोटी बांधाच्या लगेच खालच्या तुकड्यांत, जेथें विजेच्या घरांतून सुटलेलें पाणी समोरून येतें.

आमचें मत विचाराल तर संमति द्यावी. मात्र कांहीं अटी घालाव्यात. नाव इंग्लंडाहून समुद्रावरून चालवीत नेऊं नये. तिचा कांठ पाण्यापासून फारच थोडा वर असतो आणि लाटांसाठीं ती बांधलेलीच नाहीं. पुष्कळ लोक ती मोठ्या मोटारीवर घालून नेतात. दक्षिणेकडून यावयाचें तरी समुद्रांत शिरण्याचें कारण नाहीं; सेत बंदराकडून येणारा कालवा सँ-झील येथें रोनच्या धाकट्या फांट्याला मिळतो, तेथून आर्लच्या वरच्या बाजूस मुख्य नदींत जातां येतें. वितळत्या बर्फाचें पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत निघावें. नदी चढली अशी सूचना मिळतांच धक्क्याला नाव बांधून स्वस्थ बसावें, सुट्टी संपत आली म्हणून निघूं नये. लॉकच्या नाविक केंद्राशीं बोलण्यासाठीं रेडिओ हवा, तरंगणारें जाकीट लॉकमध्यें सक्तीचेंच आहे, आणि नदीवर पूर्वीं नाव चालविलेला एक तरी माणूस बरोबर असावा. कालव्यावरील दहा वर्षांचा अनुभव नदीवर पहिल्या दिवशीं फारसा उपयोगी पडत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतांना प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं गोदावरी नावेनें चढण्याचा बेत २०१६ सालीं निघाला नाहीं. तो दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा संबंध आपल्या मराठी मुलखाशीं फार जवळचा आहे.

सर आर्थर कॉटन यानें राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें गोदावरीवर मोठा बंधारा बांधला तो १८४७ ते १८५२ या काळांत. त्या बंधाऱ्याच्या कालव्यांनीं दुष्काळी मुलूख भाताचें कोठार बनला हें प्रसिद्धच आहे. पण कॉटननें ते कालवे नुसते शेतीसाठीं केले नव्हते. त्यांवर लॉक होतीं व नावा चालत. पाणी शेतालाहि द्यावें आणि मालहि वाहावा, असा त्याचा आग्रह. आगगाडीपेक्षां कालवा स्वस्त, हें तो आयुष्यभर सांगत राहिला. १८७८ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढेंहि त्यानें तेंच सांगितलें. समितीस तें पटलें नाहीं.

कॉटनची दृष्टि गोदावरीच्या मुखावरून सरळ वऱ्हाड-नागपुराकडे लागली होती. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस तेव्हां बैलांच्या पाठीवरून व गाड्यांवरून शेंकडों मैल मुंबईकडे जाई. तोच कापूस वर्धा नदीनें, प्राणहितेनें आणि गोदावरीनें समुद्रास उतरवितां आला तर! वरून खालीं कापूस, आणि खालून वर मीठ. कॅप्टन हेग या इंजिनियराकडे हें काम आलें. त्यानें नदी पाहिली, मापली आणि १८५० नंतरच्या वर्षांत काम सुरू केलें. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल हेहि या योजनेचे मोठे पुरस्कर्ते होते. आज जो गडचिरोली जिल्हा आहे त्यांतील सिरोंचा हें प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचें गांव त्या काळीं ‘अपर गोदावरी’ नांवाच्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. जिल्ह्याचें हें नांवच सांगतें, कीं सरकारला तेथें नदीचें महत्त्व केवढें वाटत होतें.

अडचण खडकांची होती. समुद्रापासून वर येतांना तीन ठिकाणीं नदी खडकांवरून मैल मैल खळाळत उतरते. पहिला अडसर दुम्मगुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा, तिसरा प्राणहितेवर देवलमरीचा. प्रत्येक ठिकाणीं बंधारा घालून, बाजूनें कालवा खोदून, त्यांत लॉक बसवून नावा वर घ्यावयाच्या, असा बेत. रोनवर शंभर वर्षांनंतर जें झालें त्याचीच ही धाकटी आवृत्ति म्हणावी. दुम्मगुडेमचें काम पुष्कळसें झालें. पण घनदाट जंगल, हिंवतापानें आजारी पडणारे मजूर, आणि वर्षाकांठीं जेमतेम चार-पांच महिने पुरेसें पाणी. लॉक कितीहि सुबक बांधलें तरी नदींत पाणी नसेल तर तें कोरडा हौद होय. अमेरिकेंतील यादवीमुळें, १८६१ ते १८६५ या काळांत, कापसाचे भाव चढले तेव्हां या योजनेला मोठा जोर आला. पण लढाई थांबली, भाव उतरले, आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली. १८७१ सालीं सरकारनें काम सोडून दिलें. आगगाडीनें हरविलें असें सामान्यतः म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें मात्र त्याआधींच हार झाली होती ती मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंतच्या उघड्या वाळवंटापुढें.

आणि जेव्हां पाणी असतें तेव्हां तें कसें असतें, हें १५ सप्टेंबर २०१९ रोजीं आंध्रांत दिसलें. पापिकोंडलुच्या डोंगरांकडे पर्यटकांना घेऊन प्रवाहाविरुद्ध जाणारी एक बोट कच्चुलुरु गांवाजवळ पुराच्या पाण्यांत बुडाली आणि चाळिसाहून अधिक माणसें दगावलीं. आमची नदी एक तर फार देते किंवा मुळींच देत नाहीं. रोनचें तसें नाहीं: उन्हाळ्यांत तिला वरचें बर्फ पुरवितें, हिंवाळ्यांत सोनसारख्या उपनद्या पावसाचें पाणी आणतात. समुद्राजवळ बोकेरपाशीं तिच्यांतून सेकंदास सरासरीनें सुमारें १,७०० घनमीटर पाणी वाहतें, आणि ती कधीं आटत नाहीं. फ्रेंच इंजिनियर हुशार खरेच. पण त्यांच्या हुशारीच्या पाठीशीं आल्प्स पर्वत उभा आहे.

आतां पुणतांब्याकडे येऊं. चांगदेवांच्या समाधीचें आणि अहिल्याबाईंच्या घाटाचें हें गांव. तेथील नदीचें पात्र समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशें मीटर उंच आहे. बोलेनच्या मापाच्या पायऱ्या धरल्या तरी समुद्रापासून पुणतांब्यास नाव चढविण्यास बावीस पायऱ्या लागतील, आणि प्रत्येक दोन पायऱ्यांमध्यें बारा महिने पुरेल एवढें पाणी उभें ठेवावें लागेल. मधल्या मोठ्या धरणांपैकीं पैठणच्या जायकवाडीला नाव वर घेण्याचें साधन नाहीं. कायद्यांतील जलमार्ग भद्राचलमपासून नाशिकपर्यंत ११८४ किलोमीटर लांब आहे. पण कायद्यानें नदीला नांव मिळतें, पाणी मिळत नाहीं.

पाण्याचा हिशेब स्पष्टच करूं. बोलेनच्या कोठींत एका वेळीं १९५ गुणिलें १२ गुणिलें २३, म्हणजे सुमारें ५४ हजार घनमीटर पाणी खालीं सोडावें लागतें. एका हेक्टरावर दहा सेंटिमीटर पाणी उभें करावयाचें तर हजार घनमीटर लागतें. म्हणजे एक नाव एकदां वर घेण्याचें पाणी चोपन्न हेक्टरांच्या एका भरण्याइतकें झालें. आमचे शहरी वाचक टी.एम.सी. हा शब्द वर्तमानपत्रांत दररोज वाचतात, एक टी.एम.सी. म्हणजे अशा सुमारें सव्वापांचशें कोठ्या. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे, कीं लॉकमधून सुटलेलें पाणी नाहींसें होत नाहीं. तें खालच्या पायरीला मिळतें व तेथून शेताला उचलतां येतें. शिवाय लहान नावांना लहान कोठी पुरेल. परंतु जें पाणी पात्रांतून खालीं गेलें तें वरच्या पाटाला मिळालें नाहीं, हें राहात्याच्या शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं.

कारण त्याचें पाणी पात्रांतून येतच नाहीं. १८९६ पासून १९०० पर्यंतच्या दुष्काळांनंतर सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं पाटबंधारे कमिशन बसलें, आणि त्यानंतरच्या काळांत नांदूर मधमेश्वर येथें बंधारा घालून गोदावरीचे दोन्ही कालवे काढले गेले. त्यांना पाणी पुरविणारें दारणा धरण १९१६ सालीं पुरें झालें. उजवा कालवा कोपरगांव-राहात्याच्या काळ्या जमिनींतून जातो. दक्षिणेकडे प्रवरेचे कालवे, त्यांच्या मागें १९२६ सालचें भंडारदऱ्याचें धरण. या दोन पाण्यांवर ऊस उभा राहिला, राहात्याच्या पेरूच्या बागा उभ्या राहिल्या, आणि याच तालुक्यांत लोणीस १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना चालू झाला. कॉटनच्या कालव्यांप्रमाणें हे कालवे नावांसाठीं खोदले नव्हते. येथें पाण्याचें एकच काम होतें, आणि तेंहि कधीं पुरें पडलें नाहीं. याच तालुक्यांतील कांहीं गांवांना निळवंडे धरणाच्या कालव्याची वाट पन्नासांहून अधिक वर्षें पाहावी लागली. डाव्या कालव्याचें उद्‌घाटन झालें तें २०२३ च्या ऑक्टोबरांत.

वरून आणखी एक मागणी आहे, ती खालच्या मराठवाड्याची. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडीवर त्या भागाची शेती आणि संभाजीनगरासारख्या शहराचें पिण्याचें पाणी अवलंबून आहे. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याचें समन्यायी वाटप करण्याचें तत्त्व आलें. २०१४ च्या आदेशानें असें ठरलें, कीं पावसाळ्याअखेर जायकवाडींत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून खालीं पाणी सोडावें. तें सुटतें तेव्हां पुणतांब्याच्या घाटाला पाणी लागतें, आणि कांठचीं माणसें तें घाटावरून पाहात उभीं राहतात. कारण त्यांच्या चारीला तें मिळावयाचें नसतें. पैठणकरांचा हक्क आम्हांस मान्य आहे, राहातेकरांची तळमळहि समजते. या भांडणांत तिसरा भागीदार म्हणून नावेला बसविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

म्हणून आमच्या वर्गणीदारांनीं निर्धास्त असावें. पाटाचें पाणी नावांसाठीं कोणी नेईल अशी चिन्हें दिसत नाहींत. मात्र जलमार्गाच्या नांवानें कांठची जमीन मोजण्यास कोणी आलें, किंवा ग्रामसभेपुढें कांहीं कागद आला, तर एक प्रश्न लेखी विचारावा: फाल्गुन ते ज्येष्ठ या काळांत पात्रांत किती पाणी ठेवणार, आणि तें कोणत्या धरणांतून, कोणाच्या आवर्तनांतून सोडणार? गोदावरीच्या खालच्या भागांत, भद्राचलम ते राजमहेंद्री, जेथें पाणी पुष्कळ आहे, तेथें नावा अवश्य चालाव्यात. तेथेंहि पुरांत नव्हे.

आणि पुतण्या सुट्टींत घरीं आला व त्याला आपल्याच नदीवर उलट जाण्याची हौस फेडावयाची असेल, तर एक जागा आहे. जायकवाडीचा जलाशय पैठणापासून वर पन्नासाहून अधिक किलोमीटर पसरला आहे. कायगांव-टोके आणि प्रवरासंगम त्याच्याच फुगवट्याच्या टोंकाशीं आहेत. तेथें लॉक नको, घोडे नकोत, प्रवाह जवळ जवळ नाहीं. पण तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेव्हां आधीं वन खात्याची परवानगी घ्यावी. आणि हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरलेले असतात त्या उथळ पाण्याकडे यंत्राची नाव नेऊं नये, भोयाची वल्ह्याची नाव घ्यावी.